सोरॉरिटी रिक्रूटमेंट: फी भरली म्हणजे बिड मिळणारच का? एका आईचा सविस्तर रिव्ह्यू

आधी उत्तर सांगून टाकते, कारण बऱ्याच जणी तेवढ्यासाठीच हे वाचतायत. नाही. नाव नोंदवलं, फी भरली, सगळ्या राउंडना वेळेवर गेलं, सगळ्यांशी छान बोललं, तरी शेवटी बिड, म्हणजे सोरॉरिटी या अमेरिकन कॉलेजातल्या मुलींच्या संस्थेत येण्याचं आमंत्रण, मिळेलच अशी गॅरंटी नाही. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स, म्हणजे ज्यांच्या नियमांवर हे सगळं चालतं ते लोक, अशी गॅरंटी देत नाहीत, आणि एखादी सोरॉरिटी स्वतःहून तर देऊच शकत नाही कारण रिक्रूटमेंट चालू असताना कुठल्याही मुलीला 'तुला आम्ही घेणार' असं सांगायला त्यांच्या नियमात सरळ बंदी आहे. काही कॅम्पसवर अटी घातलेली एक गॅरंटी असते, ती नक्की काय असते ते पुढे लिहिलंय, ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर उन्हाळ्यात हाच प्रश्न येतो, 'अगं पण सगळ्यांना मिळतंच ना शेवटी कुठेतरी?' आणि कोणीतरी उत्तर देतं, हो हो मिळतंच, माझ्या जावेच्या मुलीला मिळालं. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूया. माझी लेक गेल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत या सगळ्यातून गेली, तिला बिड मिळाली, तिच्या रूममेटला नाही मिळाली. युनिव्हर्सिटीचं नाव लिहीत नाहीये. त्या आठवड्यात मी रोज दोघींचं ऐकत होते आणि नंतर नियम बारकाईने वाचून काढले, त्यामुळे हा रिव्ह्यू एका सोरॉरिटीचा नाही, ज्या सर्व्हिससाठी आपण रजिस्ट्रेशनचे पैसे मोजतो त्या अख्ख्या प्रोसेसचा आहे.

ज्यांना अजिबात माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोरॉरिटी म्हणजे अमेरिकन कॉलेजातल्या मुलींच्या ग्रीक अक्षरांची नावं असलेल्या संस्था, फार जुन्या आहेत, अल्फा डेल्टा पाय १८५१ साली जॉर्जियातल्या मेकनच्या वेस्लियन कॉलेजात सुरू झाली, पाय बीटा फाय १८६७ मध्ये इलिनॉयच्या मॉनमथ कॉलेजात. पॅनहेलेनिक कॉन्फरन्स १९०२ ची, तिच्यात वीसहून जास्त सोरॉरिटी. एका कॅम्पसवर या सगळ्या नसतात, कुठे पाच, कुठे दहा, कुठे वीस, आणि त्या त्या कॅम्पसवरच्या शाखेला चॅप्टर म्हणतात. बिड म्हणजे त्या चॅप्टरचं अधिकृत आमंत्रण. ते आमंत्रण कोणाला द्यायचं हे ठरवायचा आठवडा म्हणजे रिक्रूटमेंट, बोलताना सगळे रशच म्हणतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अलाबामा युनिव्हर्सिटीच्या मुलींचे रोजचे कपडे दाखवणारे टिकटॉक व्हिडिओ जगभर फिरले, तेव्हापासून आपल्या मुलींनाही हे सगळं माहीत झालंय, पण व्हिडिओत कपडे दिसतात, नियम दिसत नाहीत.

आता मुख्य भाग. ही 'म्युच्युअल सिलेक्शन' प्रोसेस आहे असं ते पहिल्या मिनिटापासून सांगतात आणि ते खरं आहे, दोन्ही बाजू निवडतात. पहिल्या राउंडला मुली सगळ्या चॅप्टरच्या घरांत जातात. घर म्हणजे खरोखरचं घर, मोठाले खांब असलेले बंगले, दार उघडतं आणि आतून चाळीस-पन्नास मुली टाळ्या वाजवत गाणी म्हणत असतात, मग एक मुलगी येऊन तुमच्या मुलीचा ताबा घेते, चार-पाच मिनिटं बोलते, मग दुसरी येऊन तिला सोडवते, मग तिसरी. बोलून बोलून घसे बसतात. एका घरातून निघून दुसऱ्या घरापुढे उन्हात रांग लावायची. पिशवीत छोटा पंखा, बँडएड, सपाट चपला, टिश्यू, हे सगळं लागतंच, आणि आत मिळतं ते गार पाणी, कारण खाण्यापिण्याची नि भेटवस्तूंची उधळपट्टी त्यांच्या नियमात बसत नाही. ते मला आवडलं.

दिवसाच्या शेवटी मुली सिस्टिममध्ये आपली पसंती भरतात. तिकडे चॅप्टरही रात्री जागून त्यांची यादी करतो. रात्रीतून दोन्ही याद्या कॉम्प्युटरमधून जुळवल्या जातात आणि सकाळी मुलीच्या फोनवर शेड्यूल येतं, आज या या घरांनी तुला परत बोलावलंय. दुसऱ्या राउंडला घरं कमी, तिसऱ्याला अजून कमी, आणि शेवटच्या प्रेफरन्स राउंडला जास्तीत जास्त दोन, काही मोठ्या कॅम्पसवर तीन. राउंडची नावं नि घरांची संख्या कॅम्पसगणिक बदलते पण चाळण हीच.

आणि याच चाळणीत 'गॅरंटी'चा प्रश्न सुटतो. कुठल्याही सकाळी असं होऊ शकतं की एकाही घराने परत बोलावलेलं नाही. नियमाने व्यवस्थित वागलेली, मार्क चांगले असलेली मुलगी असली तरी होऊ शकतं. त्याला ते 'रिलीज्ड फ्रॉम रिक्रूटमेंट' म्हणतात. आमच्याकडे पद्धत अशी होती की शेड्यूल यायच्या आधी, सकाळच्या ठरलेल्या तासाभरात, अशा मुलीला तिची रिक्रूटमेंट काउन्सेलर (त्या आठवड्यात सोबतीला नेमलेली सोरॉरिटीतलीच एक मुलगी) स्वतः फोन करून सांगते, म्हणजे रिकामा स्क्रीन एकटीने बघायची वेळ येऊ नये. हेतू चांगला आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याचा परिणाम असा की त्या तासात फोन वाजणं हीच भीती. लेकीने आदल्या रात्रीच मला सांगून ठेवलं होतं, 'आई, सकाळी सात ते साडेआठ अजिबात कॉल करू नकोस प्लीज, कोणाचाही वाजला ना तरी सगळ्या जणी उठून बसतात.'

तिसऱ्या राउंडच्या सकाळी रूममेटचा वाजला. ती बाथरूममध्ये जाऊन बोलली, पाच मिनिटांत बाहेर आली, आणि कपाटाच्या दाराला त्या दिवसाचा ड्रेस स्टीम करून टांगून ठेवला होता, लेबल अजून काढलेलं नव्हतं, तो तिने घडी घालून परत पिशवीत ठेवला आणि पावती शोधायला लागली. काही रडली वगैरे नाही. माझ्या मुलीला अर्ध्या तासात तयार होऊन बाहेर पडायचं होतं आणि तिला कळेना की हिच्यासमोर लिपस्टिक लावायची कशी. अठरा वर्षांच्या पोरी, कॉलेजचे वर्ग सुरूही झालेले नाहीत, एकमेकींना ओळखून जेमतेम आठवडा झालेला.

मला राग आला तो रिलीज करण्याचा नाही. सगळ्यांना जागा नसते, निवड म्हटलं की कोणीतरी राहणार, हे आपण महाराष्ट्रात वाढलेल्या लोकांना कोणी शिकवायला नको. राग आला तो त्याच्या आधीच्या ओरिएंटेशनचा. ऑनलाइन सेशनमध्ये, ज्यात आम्ही पालकही होतो, तासभरात पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं की 'ट्रस्ट द प्रोसेस', 'इथे प्रत्येकीसाठी एक घर आहे', 'शेवटी तू जिथे असायला हवीस तिथेच पोचतेस'. एका आईने सरळ विचारलं, एखादीला कुठलीच बिड न मिळण्याची शक्यता किती? उत्तर आलं की मन मोकळं ठेवणाऱ्या जवळजवळ सगळ्या मुलींना जागा मिळते. या उत्तरातला प्रत्येक शब्द तपासायला हवा, आणि ते काम कोणी आपल्यासाठी करत नाही. ज्या मुलीला तिसऱ्या दिवशी फोन येतो तिला त्या वाक्याचा अर्थ काय लागतो? की तू मन मोकळं ठेवलं नाहीस. लेकीच्या रूममेटने तर प्रत्येक राउंडला दिसेल ते घर स्वीकारलं होतं, एकदाही नाक मुरडलं नव्हतं.

त्यातही आकड्यांची गोष्ट समजून घ्या. 'आमच्याकडे इतके टक्के मुलींना बिड मिळते' असा मोठा आकडा कुठे दिसला तर पहिला प्रश्न, हे टक्के कशाचे? रजिस्टर केलेल्या सगळ्या मुलींचे की शेवटच्या राउंडनंतर पसंतीच्या करारावर सही करेपर्यंत टिकलेल्या मुलींचे? दोन्हीत प्रचंड फरक आहे. मधल्या राउंडला सगळ्या घरांनी सोडलेल्या मुली आणि हवी ती घरं गेल्यावर कंटाळून स्वतः बाहेर पडलेल्या मुली दुसऱ्या हिशोबात धरतच नाहीत. म्हणजे तो टक्का खोटा नसतो, पण तो तुमच्या मुलीच्या पहिल्या दिवसाच्या शक्यतेबद्दल काहीच सांगत नाही.

मग गॅरंटी हा शब्द येतो कुठून? तो येतो शेवटच्या टप्प्यातून. प्रेफरन्स राउंड झाला, मेणबत्त्या, काळे कपडे, एक मुलगी तुमच्या मुलीला बाजूला घेऊन बसते आणि तिला हे घर का आवडतं ते डोळ्यांत पाणी आणून सांगते, ते सगळं झालं की तिथून थेट जाऊन मुलगी एक करार भरते. त्याचं लांबलचक नाव आहे, सगळे एमआरएबीए म्हणतात. त्यात ज्या घरांच्या प्रेफरन्सला गेलीस त्यातली कोणती स्वीकारशील ती क्रमाने लिहायची. दोन्ही लिहिता येतात, एक लिहिता येतं, काहीच न लिहिता बाहेरही पडता येतं. प्रत्येक चॅप्टरचा कोटा सारखा ठरवलेला असतो, साधारण सही करणाऱ्या मुली भागिले चॅप्टर असा. मग जुळणी होते. यात दोन्ही नावं लिहूनही एखादी मुलगी दोन्हीकडच्या यादीत कोट्याच्या रेषेखाली राहिली, तर तिच्यासाठी 'कोटा ॲडिशन' नावाची सोय आहे, म्हणजे जिने शेवटपर्यंत मिळालेली सगळी आमंत्रणं स्वीकारली आणि शेवटी सगळी नावं लिहिली तिला कोट्याच्या वर एक जागा करून तिच्या यादीतल्याच एका चॅप्टरमध्ये बसवता येतं. काही कॅम्पस याचाच नियम करतात आणि सांगतात की प्रेफरन्सपर्यंत आलात, सगळ्या अटी पाळल्यात, तर बिड नक्की. ही ती गॅरंटी. बघा त्यात किती 'तर' आहेत. आणि ती कुठल्या घरात याची तर अजिबातच नाही.

उलट जी मुलगी एकच नाव लिहिते, तिचं तिथे जुळलं नाही तर ती या सोयीला पात्र राहत नाही, तिचा प्रवास तिथेच संपू शकतो. काउन्सेलर हे परत परत बजावतात आणि त्यांचं बरोबर आहे, तरी दरवर्षी मुली करतात, कारण त्या वेळी डोक्यात एकच घर असतं. हे इतकं जुनं आहे की अर्थशास्त्रज्ञांनी यावर पेपर लिहिलाय, सुझन मॉन्गेल आणि ॲल्विन रॉथ यांनी १९९१ साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये रशच्या जुळणीचा अभ्यास छापला आणि त्यात हेच आढळलं होतं की बऱ्याच मुली पूर्ण यादी न देता एकच नाव देतात. त्याच रॉथना जुळणीच्या अशा प्रश्नांवरच्या कामासाठी २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, लॉइड शॅप्लींबरोबर. तेव्हा आपल्या मुलीला हे अवघड वाटत असेल तर ते खरोखरच अवघड आहे.

आणि तो करार बंधनकारक असतो हे घरी बसून आधीच बोलून घ्या. दुसरं नाव लिहिलं, दुसऱ्याच घराची बिड आली, आणि मुलगी म्हणाली मला नकोच, तर पुढच्या वर्षीच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत त्या कॅम्पसवरच्या बाकी कुठल्याही पॅनहेलेनिक सोरॉरिटीत जाता येत नाही. सहीच केली नाही तर मात्र हे बंधन लागत नाही. आमच्या लेकीचं दुसरं नावच लागलं. बिड डेला, म्हणजे बिड वाटतात त्या दिवशी, पाकीट उघडल्यावर दोन सेकंद तिचा चेहरा पडला, मग ती पळत गेली. आज ती तिथे खूष आहे, तरी ते दोन सेकंद झाले हे मी लिहिणार, कारण व्हिडिओत ते नसतात.

आपल्याकडच्या इंजिनियरिंगच्या कॅप राउंडशी याची तुलना केली की घरच्यांना पटकन कळतं, मीही सासूबाईंना फोनवर तसंच समजावलं, ऑप्शन फॉर्म, राउंड, लागलेली जागा न घेण्याचे परिणाम, सगळं ओळखीचं. पण फरक आहे तो जिव्हारी लागणारा आहे. कॅपमध्ये मेरिट नंबर असतो, कट-ऑफ छापलेला असतो, नाही लागलं तर का नाही लागलं हे कागदावर दिसतं. इथे काहीच दिसत नाही. कुठल्या घराने का सोडलं याचं कारण मुलीला कधीही, कोणीही सांगत नाही, आणि विचारायची सोयही नाही. सासूबाई म्हणाल्या, 'म्हणजे पोरींनी पोरींना पसंत करायचं, आणि नापसंत केलं तर कारण नाही?' हो, तेवढंच.

कारणं काय असू शकतात याचा मी शोध घेतला, त्यात सगळ्यात मोठं कारण निव्वळ गणित निघालं, आणि ते कळल्यावर माझं मन जरा शांत झालं. रिलीज फिगर मेथडॉलॉजी, आरएफएम, अशी पद्धत आहे. ज्या घराने बोलावलं की मुली हमखास परत जातात त्या लोकप्रिय घराला, मागच्या वर्षांचे आकडे बघून, पहिल्याच राउंडनंतर मोठ्या संख्येने मुली सोडायला लावतात. नाहीतर ते घर शेवटपर्यंत शेकडो मुलींना आशेवर ठेवेल आणि शेवटी कोट्याइतक्याच घेईल. म्हणजे पहिल्या कटला लाडकं घर गेलं तर त्यात मुलीचं काही चुकलं असेलच असं नाही, त्यांना तेवढ्या मुली ठेवायची परवानगीच नव्हती. जी घरं कमी मागणीत आहेत त्यांना जास्त मुली बोलवायला मिळतात. या पद्धतीमुळे शेवटपर्यंत जाणाऱ्या मुलींची जुळणी सुधारते, हे मान्य करायला हवं. माझं म्हणणं एवढंच की ओरिएंटेशनला घोषणांऐवजी हे दहा मिनिटं समजावून सांगा. अठरा वर्षांच्या मुलीला हे गणित कळतं, आणि कळलं की ती पहिल्या कटनंतर स्वतःला दोष देत बसत नाही.

बाकीची कारणं म्हणजे मार्क, प्रत्येक चॅप्टरची किमान जीपीएची अट असते आणि त्याखाली असेल तर गप्पा कितीही छान झाल्या तरी उपयोग नसतो. सोशल मीडिया बघतात, हे नक्की. आधीपासूनच्या ओळखी चालतात, त्याच गावातल्या, त्याच हायस्कूलच्या मुलींना फायदा होतो. आई-आजी त्याच सोरॉरिटीत असलेल्या मुलींना लेगसी म्हणतात आणि त्यांना पूर्वी झुकतं माप असायचं, २०२० नंतर बऱ्याच सोरॉरिटींनी ते काढून टाकलंय, शिफारसपत्रांची सक्तीही बऱ्याच ठिकाणी गेली. आपल्यासारख्या पहिल्या पिढीच्या घरांतल्या मुलींसाठी हा चांगला बदल आहे, कारण आपल्याकडे कोणाची आजी डेल्टा-गॅमात असणार.

आणि रंगाचा प्रश्न आहे, तो मी टाळणार नाही. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये अलाबामा युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांच्याच पेपरने, द क्रिमसन व्हाइटने, बातमी दिली की उत्तम मार्क, उत्तम बायोडेटा असलेल्या काळ्या मुलीला बिड नाकारली गेली, आणि चॅप्टरमधल्या मुलींनाच ती हवी होती पण माजी सदस्य बायकांनी अडवलं. चॅप्टरमधल्या मुली स्वतः पुढे येऊन बोलल्या, ते धाडसच होतं. देशभर गाजलं, तेव्हाच्या प्रेसिडेंट ज्युडी बॉनर यांनी सोरॉरिटींना लगेच परत बिडिंग उघडायला लावलं आणि काळ्या मुलींना बिड दिल्या गेल्या. २०१३ साली, म्हणजे आत्ता आत्ता. तेव्हापासून परिस्थिती बदललीये, माझ्या मुलीला कोणी वेडंवाकडं बोललं नाही, तिच्या चॅप्टरमध्ये अजून दोघी भारतीय आहेत. तरी 'प्रत्येकीसाठी घर आहे' हे वाक्य ऐकताना हा इतिहास माहीत असलेला बरा. या संस्था खाजगी आहेत, आणि टायटल नाइनमधूनही, म्हणजे शिक्षणात मुलगा-मुलगी भेदाला बंदी करणाऱ्या अमेरिकन कायद्यातूनही, सोशल फ्रॅटर्निटी (मुलांच्या तशाच संस्था) आणि सोरॉरिटींच्या मेंबरशिपला १९७४ सालीच सूट दिलेली आहे, म्हणून तर त्या फक्त मुलींच्या राहू शकतात.

आता सर्व्हिस म्हणून चांगलं काय ते. काउन्सेलर मुली, ज्यांना कुठे 'रो गॅमा' म्हणतात, कुठे 'गॅमा काय' (Gamma Chi), त्यांना माझ्याकडून पूर्ण मार्क. स्वतः सोरॉरिटीतल्या असूनही त्या आठवड्यात आपलं घर कुठलं हे लपवतात, घरापासून तुटून राहतात, आणि दहा-पंधरा नवख्या पोरींना सांभाळतात. आमच्या लेकीच्या काउन्सेलरने रूममेटला फोन करून विषय संपवला नाही, दुपारी डॉर्ममध्ये येऊन बसली, जेवायला घेऊन गेली, पुढच्या आठवड्यातही मेसेज केला. वेळापत्रक काटेकोर होतं, ॲप नीट चालत होतं, रात्री कॅम्पसवर मुलींच्या सुरक्षिततेची व्यवस्था चांगली होती.

पैशांचं बोलायचं तर रजिस्ट्रेशनची फी आमच्याकडे काहीशे डॉलर होती आणि रिक्रूटमेंट सुरू झाल्यावर ती परत मिळत नाही, मुलगी दुसऱ्या दिवशी रिलीज झाली तरी नाही. हे मला पटलेलं नाही. निदान अर्धी तरी परत करा. बिड मिळाल्यावर चॅप्टरचे ड्यूज, म्हणजे वर्गणी, वेगळे, पहिल्या सेमिस्टरला नव्या मेंबरचे जास्तीचे चार्जेस असल्याने तेव्हाच सगळ्यात जड जातं, दक्षिणेतल्या मोठ्या कॅम्पसवर एका सेमिस्टरचे काही हजार डॉलर होतात, तो आकडा आधी विचारून घ्या. हल्ली रश कन्सल्टंट नावाचे लोकही निघालेत, जे कपडे आणि संभाषण शिकवायचे हजारो डॉलर घेतात. कोणी तुम्हाला बिडची खात्री देत असेल तर सरळ फोन ठेवा, कारण ती त्यांच्या हातातच नाही.

फी भरायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या पॅनहेलेनिक ऑफिसला ईमेल करा, फोन नको, उत्तर लेखी हवं. विचारा की तुमच्या कॅम्पसवर गॅरंटीड बिडचा नियम आहे का, असेल तर त्याचा मजकूर पाठवा. मागच्या वर्षी किती मुलींनी रजिस्टर केलं, किती स्वतः बाहेर पडल्या, किती रिलीज झाल्या, किती जणींनी करार भरला आणि किती जणींना बिड मिळाली, हे आकडे वेगवेगळे मागा. मी मागितले होते, गोलगोल उत्तर आलं, परत मागितले तेव्हा मिळाले. आणि नंतरच्या ओपन बिडिंगचं काय ते विचारा, कारण बिड डेला सगळं संपत नाही. ज्या चॅप्टरचा कोटा भरत नाही ते जुळणीच्या वेळीच शिल्लक मुलींना 'स्नॅप बिड' देऊ शकतात, आणि ज्यांची एकूण मेंबरसंख्या ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी आहे ते नंतर सेमिस्टरभर अनौपचारिकपणे बिड देऊ शकतात, त्याला सीओबी म्हणतात, कंटिन्युअस ओपन बिडिंग. त्यात गाणी नाहीत, रांगा नाहीत, कॉफी प्यायला भेटतात, बोलतात. बऱ्याच लाजाळू मुलींना तेच जास्त जमतं. पण मोठ्या कॅम्पसवर बहुतेक चॅप्टर भरलेले असतात, त्यामुळे सीओबीचीही खात्री धरू नका.

आपल्या मुलींसाठी अजून एक दार आहे ज्याबद्दल ओरिएंटेशनला अवाक्षर निघालं नाही. दक्षिण आशियाई सोरॉरिटी आहेत, १९९८ साली ऑस्टिनला कॅपा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्सला सिग्मा सिग्मा रो, अशा एकाच वर्षात सुरू झालेल्या, आता बऱ्याच कॅम्पसवर आहेत. त्या पॅनहेलेनिक कॉन्फरन्समध्ये नाहीत, त्यामुळे कोटा, कॉम्प्युटरची जुळणी, तो करार, यातलं काही नसतं, आधी माहितीच्या बैठका, मग ओळख, मग मुलाखत. छोट्या असतात, खर्च बराच कमी, दिवाळी-गरब्याचे कार्यक्रम त्याच करत असतात. अर्थात निवड तिथेही आहे, गॅरंटी तिथेही नाही, पण कोणाशी बोललो आणि पुढे काय झालं हे तरी मुलीला समजतं.

स्टार द्यायचेच तर पाचपैकी तीन. मुलगी कॅम्पसवरच्या कुठल्याही घरात जायला मनापासून तयार असेल, नाही झालं तर कॉलेजचं पहिलं वर्ष त्यावर अडणार नसेल, तर जरूर जाऊ दे, माझ्या लेकीला यातून खरंच चांगल्या मैत्रिणी मिळाल्या, अभ्यासाला सोबत मिळाली, आजारी पडली तेव्हा तिघी जणी खोलीत बसून होत्या. एकच विशिष्ट घर हवं म्हणून जाणार असेल तर एक वर्ष थांबून आधी कॅम्पस बघून घेतलेलं चांगलं. पण थांबणार असाल तर हेही बघा की बऱ्याच मोठ्या कॅम्पसवर दुसऱ्या वर्षाच्या मुलींना जागा कमी असतात, कारण चॅप्टरला चार वर्षं राहणारी मुलगी हवी असते. काही ठिकाणी वरच्या वर्षांसाठी वेगळा कोटा असतो, काही ठिकाणी नसतो. रूममेट यंदा परत नाव नोंदवतेय, तिने सही केलीच नव्हती त्यामुळे तिच्यावर कसलंही बंधन नाही, आणि तिने या वेळी पहिला ईमेल केला तो हाच कोटा विचारायला.